कोल्हापूरला शिफ्ट व्हायचंय? आधी मिस्टरांच्या नोकरीचं बघ, मग भाड्याचं

कांदिवलीहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. मोठं आहे, मी थोडक्यात देते:

"आम्ही कांदिवलीत वन बीएचकेमधे भाड्यानं राहतो, भाडं ३६ हजार, दर अकरा महिन्यांनी वाढतं. माझं वय ३४, अकाउंट्सचं काम करते, घरूनच चालतं, महिन्यातून दोनदा लोअर परळच्या ऑफिसला जावं लागतं. मिस्टर वसईला एका वर्कशॉपमधे क्वालिटीला आहेत. माझे ६२ आणि त्यांचे ४८ मिळून हातात १ लाख १० हजार येतात आणि महिनाअखेर काही उरत नाही. मुलगी जूनमधे पहिलीला जाईल. सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. दिवाळीत अंबाबाईच्या दर्शनाला आलो, चार दिवस राहिलो, तेव्हापासून डोक्यात बसलंय की कोल्हापूरलाच राहायला यावं. तिथे टू बीएचके बारा-तेरा हजारात मिळतो म्हणे. मिस्टरांना तिथे काहीतरी मिळेलच, आणि नाही लगेच मिळालं तरी खर्च कमी असल्यामुळे चालून जाईल. सासूबाई म्हणतात तुम्ही जाल तिथं मी. आमच्याकडे १८ लाख साठलेत, एक एजंट पाचगावच्या पुढे प्लॉट घ्या म्हणतोय. कोल्हापुरात आमचं कुणीच नाही. जूनच्या आत शिफ्ट व्हावं का?"

ताई, तुला तू म्हणते, चालेल ना. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेला एकाच वाक्यावर अडकले. "मिस्टरांना तिथे काहीतरी मिळेलच, आणि नाही लगेच मिळालं तरी चालून जाईल." हेच वाक्य मी पण म्हटलंय, २०१२ साली, ठाण्यात सामान बांधताना. म्हणून आधी त्यावरच बोलूया, रंकाळा, मिसळ, तांबडा-पांढरा हे सगळं तू दिवाळीत बघून गेलीच आहेस.

आमचं काय झालं ते सांगते. माझा नवरा पॅकेजिंगच्या लाईनमधला. इथल्या एका कंपनीतल्या साहेबांनी फोनवर सांगितलं होतं, या की, बघूया, तुमच्यासारखा माणूस पाहिजेच आहे. त्या एका 'या की' वर आम्ही ठाण्याची खोली सोडली. आल्यावर ते म्हणाले पंधरा दिवस थांबा, मग म्हणाले नवी ऑर्डर येऊदे, मग म्हणाले दसरा होऊदे. असे आठ महिने गेले. पैशाचं म्हणशील तर आम्ही उपाशी नव्हतो, माझं काम चालू होतं, भाडं खरंच कमी होतं, तुझ्यासारखाच सगळा हिशोब होता. पण कमवत्या माणसाला रोज सकाळी उठून जायला जागा नसली की त्याचं काय होतं हे त्या हिशोबात कुठंच नव्हतं. ठाण्यात शेजारच्या फ्लॅटमधला माणूस कामावर जातो का नाही हे वर्षभर कुणाला कळत नाही, इथं चौथ्या दिवशी खालच्या चहावाल्यानं विचारलं, "काय पाव्हणं, आज सुट्टी वाटतं?" त्यात वाईट काही नव्हतं, इथं असंच तोंडावर विचारतात आणि काळजीनं विचारतात, पण मग दुसऱ्या दिवशी दूधवाला, तिसऱ्या दिवशी किराणावाला, नंतर समोरच्या काकू, आणि माझा नवरा रोज उत्तर शोधतोय. शेवटी तो मागच्या बोळातून बाहेर पडायला लागला. सकाळी सातला दूध आणायला जायचा तो दहाला यायचा, कुठं होतास विचारलं की रंकाळ्यावर. पुढं पुढं मी विचारायचं सोडून दिलं. ते मी सोडायला नको होतं, आज पण मला ते लागतं.

मग गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काम लागलं, ठाण्याच्या पगाराच्या निम्म्यात. पण ज्या दिवशी तो डबा घेऊन बाहेर पडला त्या दिवशी संध्याकाळी आम्ही पहिल्यांदा घरात नीट जेवलो, आणि खरं सांगायचं तर आमचं कोल्हापूरला येणं त्या दिवशी झालं.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं माझं सरळ उत्तर, तुझ्या मिस्टरांच्या हातात कंपनीच्या लेटरहेडवर ऑफर येईपर्यंत कांदिवलीची खोली सोडू नकोस. फोनवरचं 'या की' चालणार नाही, ओळखीच्याच्या ओळखीनं दिलेला शब्द पण चालणार नाही.

आता तुझेच आकडे घेऊन हिशोब करूया. भाडं ३६ चं १३ झालं तर वाचले २३ हजार. मिस्टरांना आता ४८ मिळतात, इथं समजा २५ मिळाले, मी मुद्दाम कमीच धरतेय, जास्त मिळाले तर चांगलंच, तर गेले २३ हजार. म्हणजे भाड्यात वाचलं ते पगारात गेलं, तू होतीस तिथंच. आणि त्यांना काहीच मिळालं नाही तर ४८ गेले आणि २३ वाचले, दर महिन्याला २५ हजाराचा खड्डा, तो त्या १८ लाखातूनच भरणार. वर्षाचे तीन लाख झाले हे. "खर्च कमी असल्यामुळे चालून जाईल" हे एवढं महाग वाक्य आहे.

बाकी स्वस्ताई म्हणशील तर डाळ, तेल, सिलिंडर, मोबाईलचा रिचार्ज, पेट्रोल यात मुंबई काय आणि कोल्हापूर काय, फरक पडत नाही. भाजी ताजी मिळते, दूध चांगलं मिळतं, गंगावेशीत म्हैस समोर पिळून देतात ते सगळं खरं, पण त्यानं महिन्याचं बजेट हलत नाही. उलट मुंबईत लोकलच्या पासवर माणूस महिना काढतो, इथं महापालिकेची केएमटीची बस आहे पण शिफ्टच्या वेळेला ती मिळेलच असं नाही, म्हणजे एमआयडीसीला जायला त्यांना एक गाडी आणि शाळा-बाजार करायला तुला एक. शिवाय महिन्यातून दोनदा तुझं मुंबईला जाणं-येणं. हे पण धर. मग कळतं की इथं पैसा म्हणावा तेवढा वाचत नाही, वाचतो तो वेळ, आणि माझ्या मते त्याच्यासाठीच यावं. कांदिवली ते वसई गर्दीत लोंबकळत जाणारा माणूस इथं शिरोलीच्या एमआयडीसीतून अर्ध्या तासात घरी येतो, पोरगी जागी असताना येतो, तिला रंकाळ्यावर फिरवून आणतो. आमच्याकडे हे झालंय म्हणून एवढ्या खात्रीनं सांगते.

आणि एक चांगली गोष्ट, तुझ्या मिस्टरांची लाईन या गावाचीच लाईन आहे. बाहेरच्यांना कोल्हापूर म्हटलं की चप्पल आणि गूळ आठवतो, पण इथली निम्मी पोटं फाउंड्री, म्हणजे धातूचं ओतकाम, आणि मशीन शॉपवर चालतात. शिवाजी उद्यमनगरात आधी ऑईल इंजिनं आणि त्यांचे पार्ट बनायचे, मिस्त्री लोकांनी हातानं शिकून उभी केलेली कामं ती, त्यातून पुढं शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेची पंचतारांकित एमआयडीसी झाली, आणि आता गाड्यांचं, ट्रॅक्टरचं, पंपांचं कास्टिंग इथून जातं. क्वालिटीचा माणूस, ज्याला ड्रॉइंग वाचता येतं, सीएमएम, म्हणजे पार्टची मापं तपासायचं मशीन, चालवता येतं, कस्टमर ऑडिटला उभं राहता येतं, त्याला इथं विचारतात. फक्त घरी बसून वेबसाईटवर अर्ज टाकून इथं काम होईल असं धरून चालू नका, मधल्या आणि छोट्या कारखान्यांत अजून माणूस समोर बघून घेतात. तेव्हा त्यांना सांग, आठ-दहा दिवसांची रजा टाका, बायोडाटाच्या वीस प्रती काढा आणि एकटेच या. एखादा लॉज बघा, भाड्यानं मोपेड घ्या आणि एकेका एमआयडीसीला दोन-तीन दिवस द्या. वसईत ज्यांचं कास्टिंग येतं त्यातलं कुठलं कोल्हापूरचं आहे ते त्यांना माहीत असेलच, सुरुवात तिथूनच करायची, कारण ते यांचं काम ओळखतात.

विचारायचं काय ते पण सांगते, कारण आम्ही विचारलं नव्हतं. पर्मनंट का कॉन्ट्रॅक्टवर, पीएफ पहिल्या दिवसापासून का, आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी, कारण ती रविवारीच असेल असं नाही आणि पोरीची शाळा तर रविवारीच बंद असणार. आणि कामाची ऑर्डर एकाच मोठ्या गाड्यांच्या कंपनीवर आहे का चार ठिकाणी वाटलेली आहे. ट्रकचा, ट्रॅक्टरचा खप पडला की इथल्या शिफ्ट कमी होतात, ते सगळं गावच अनुभवतं, तेव्हा हा प्रश्न विचारायला लाजायचं नाही.

तुझ्या नोकरीचं तू एका ओळीत उरकलंयस पण उद्या सगळं घर त्या एका पगारावर उभं राहणार असेल तर ती ओळ पुरत नाही. आज तोंडी चाललंय ते एचआरकडून लेखी घे, की मी कोल्हापुरातून काम करणार, महिन्यातून दोनच दिवस यायचं, आणि जागा बदलली म्हणून पगार कमी होणार नाही. काही कंपन्या गावावरून पगार ठरवतात, हे आधी कळलेलं बरं. जुन्या टॅक्स पद्धतीत एचआरएची, म्हणजे घरभाडे भत्त्याची, सूट घेत असशील तर मुंबईसाठी बेसिकच्या ५० टक्क्यांपर्यंतची मर्यादा असते ती कोल्हापूरला ४० टक्के होते, आणि भाडंच कमी झालं की सूट पण कमी होते. तू अकाउंट्सचीच आहेस, तुला मी काय सांगणार, पण स्वतःचं करताना माणूस विसरतो. प्रवासाला महालक्ष्मी एक्सप्रेस आहे, रात्री बसायचं सकाळी मुंबईत, तिकीट मात्र आधी काढून ठेवायचं. विमान आहे उजळाईवाडीहून पण ते दर महिन्याला परवडायचं नाही. घरी नेट दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं घे आणि इन्व्हर्टर पहिल्याच महिन्यात घे, वळवाचा पाऊस आला की लाईट जाते आणि तुझं महिनाअखेरचं क्लोजिंग त्याच दिवशी असणार.

आता पावसाळा. तू दिवाळीत आलीस, दिवाळीतलं कोल्हापूर कुणाला आवडणार नाही. जुलैत ये. इथं जुलै-ऑगस्टमधे सकाळी उठून लोक पंचगंगेची पातळी बघतात, ती मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळेतल्या पोरांना पण पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमधे आणि २०२१ च्या जुलैत ती ५५ फुटांच्या वर गेली. नागाळा पार्कचा काही भाग, शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, सुतारवाडा, न्यू पॅलेसकडचा भाग, रमणमळा, कदमवाडी, बापट कॅम्प, अशा ठिकाणी घराघरात पाणी होतं. यातल्या काही जागा आज बघितल्या तर इतक्या चकाचक आहेत की एजंट सांगणार नाही तोपर्यंत संशय पण यायचा नाही. म्हणून कुठलंही घर बघायला गेलीस की घरमालकाला विचारायचं नाही, शेजारच्या दुकानदाराला किंवा वॉचमनला विचारायचं, एकोणीसला पाणी कुठपर्यंत होतं आणि एकवीसला कुठपर्यंत. लोक हात करून भिंतीवर दाखवतात. तो हात बघायचा.

आणि पाणी घरात आलं नाही म्हणजे सुटलो असं पण नाही. आम्ही उंचावर राहतो, आमच्या दारात थेंब आला नाही, पण २०१९ ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, रुकडीच्या पुलावरून रेल्वे बंद झाली, आणि गावाला पाणी देणारी उपसा केंद्रंच बुडाली त्यामुळे बाहेर महापूर आणि नळाला थेंब नाही. पेट्रोल पंपावर रांगा, दूध नाही, भाजी नाही, टँकर आला की गल्लीतले सगळे कळश्या घेऊन. त्या दिवसांत तुला कुठलं ऑफिस गाठता आलं नसतं. नंतर काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईन झाली, २०२३ च्या दिवाळीत ते पाणी शहरात आलं, कित्येक वर्षांची मागणी होती ती, तेव्हा लोकांना रडायला आलेलं मी बघितलंय. तरी घर घेताना नळाला रोज पाणी येतं का एक दिवसाआड, किती वाजता, कितव्या मजल्यापर्यंत चढतं, टाकी केवढी, हे विचारच. पाचगाव, आर के नगर या बाजूला पाण्याची ओरड जुनी आहे आणि तुझा एजंट तुला पाचगावच्याच पुढं नेतोय.

मी हे तुला घाबरवायला सांगत नाही. आठवडाभर जुलैत येऊन रहा, पाऊस बघ, ओले कपडे घरात वाळवून बघ, आणि तरी पण इथं राहावंसं वाटलं तर ये.

घर कुठं घ्यायचं याच्यात मला सगळ्यात जास्त काळजी तुझ्या सासूबाईंची वाटते. तू त्यांच्याबद्दल एकच वाक्य लिहिलंयस, तुम्ही जाल तिथं मी. अगं, ही काय संमती झाली? दुसरं त्या म्हणणार काय? अडुसष्ट वर्षांची बाई, कांदिवलीत तिचं भजनी मंडळ असेल, जिन्यात बसणाऱ्या दोन बायका असतील, ओळखीचा डॉक्टर असेल, भाजीवाला आजी म्हणून हाक मारत असेल. तेरा हजारातला टू बीएचके बहुतेक गावाच्या कडेला असतो, कळंब्याच्या पुढं, फुलेवाडीच्या पुढं, तिकडं. फ्लॅट मोठा, हवा छान, गॅलरीतून जोतिबाचा डोंगर पण दिसेल, पण खाली उतरलं की रस्त्याला फुटपाथ नाही, देवळाला जायला रिक्षा, बोलायला कुणी नाही. तू लॅपटॉपवर, मिस्टर कामावर, पोरगी शाळेत, आणि त्या दिवसभर त्या मोठ्या हॉलमधे एकट्या. त्यापेक्षा मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, महाद्वाराच्या मागची बाजू, अशा ठिकाणी दोन खोल्या कमी मिळाल्या तरी घे, पार्किंगचा त्रास होईल, नवरात्रात गर्दीनं रस्ते बंद होतील, पण त्या एकट्या पायी अंबाबाईला जाऊन येतील आणि महिन्याभरात येता-जाता चार बायका त्यांना हाक मारतील. गुडघे दुखत असतील तर पहिला मजला किंवा लिफ्ट, याच्यात तडजोड करू नकोस. दवाखान्यांची चिंता करू नकोस, सीपीआर हे मोठं सरकारी हॉस्पिटल आहे, खाजगी मोठी हॉस्पिटलं आहेत, कोकणातून आणि बेळगावकडून पण पेशंट इथं येतात.

भाडी मात्र आता नव्यानं विचार. ऑगस्ट २०२५ मधे इथं हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, सहा जिल्ह्यांचं काम इथं आलं, तेव्हापासून मध्यवस्तीत जागा शोधणारे वाढलेत. अग्रीमेंट रजिस्टर करूनच घे, अकरा महिन्यांचं असलं तरी.

प्लॉटचं एका शब्दात, नको. पहिलं वर्ष काहीच विकत घ्यायचं नाही, ना प्लॉट ना फ्लॅट. मला माहितीय मुंबईत आयुष्यभर भाडं भरलेल्या माणसाला 'स्वतःची जागा' म्हटलं की काय होतं, आमचं पण झालं होतं, आणि १८ लाख हातात असले की एजंट लोकांना त्याचा वास लागतो. इथं जमीन गुंठ्यात बोलतात, एक गुंठा म्हणजे १०८९ स्क्वेअर फूट, आणि मुंबईच्या रेटची सवय असलेल्या कानाला तो भाव ऐकून हे तर फुकटच आहे असं वाटतं. पण ती जागा एनए, म्हणजे बिगरशेती, आहे का, लेआउट मंजूर आहे का, सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत, गावाच्या हद्दीबाहेर असेल तर तिथल्या विकास प्राधिकरणाची परवानगी आहे का, पूररेषेच्या आत येते का बाहेर, रस्ता कागदावर आहे का फक्त दाखवायला मुरूम टाकलाय, हे सगळं इथला, स्वतःच्या ओळखीचा वकील बघून सांगेल तेव्हाच पुढं जायचं. एजंटनं दिलेला वकील नको. फक्त नोटरी करून देतो, सातबारा नंतर होईल असं कुणी म्हणालं की उठून यायचं. बिल्डरचा फ्लॅट असेल तर महारेराच्या, म्हणजे बिल्डरच्या प्रकल्पांची सरकारी नोंदणी असते त्या, साईटवर नंबर टाकून बघ. त्या १८ मधले चार-पाच लाख तर शिफ्टिंग, डिपॉझिट, गाडी आणि सहा महिन्यांचा खर्च म्हणून वेगळे काढ आणि त्यांना विसरून जा.

तू लिहिलंयस आमचं तिथं कुणी नाही. हे वाचून मला दसरा चौक आठवला. पुढच्या वेळी आलीस की तिथं जरा थांबून बघ, शाहू महाराजांच्या काळातली बोर्डिंगं आहेत त्या बाजूला, १९०१ पासून एकेका समाजाच्या पोरांसाठी सुरू झालेली, बाहेरगावची, खेड्यापाड्यातली पोरं इथं येऊन राहावीत आणि शिकावीत म्हणून. या गावाला बाहेरून येणाऱ्या माणसाची सवय शंभर वर्षांच्या वर आहे. लोक तुला पहिल्या आठवड्यात गाव कुठलं, आडनाव काय, भाडं किती देताय, पगार किती, सगळं विचारतील आणि मुंबईच्या माणसाला ते अंगावर येतं, मला पण यायचं. पण तेच लोक महापुरात आमच्या दारात दोन कळश्या पाणी ठेवून गेले, न सांगता. आषाढात गल्लीची त्र्यंबोलीची यात्रा निघते, पंचगंगेचं नवं पाणी डोक्यावर घेऊन बायका जातात, पी ढबाकची वाद्यं वाजत असतात, तेव्हा वर्गणी मागायला आले तर नुसते पैसे देऊन दार लावू नकोस, सासूबाईंना घेऊन खाली उतर. एवढं एक केलंस तरी पुरे. आणि पोरीची तयारी ठेव, सहा महिन्यांत ती "मी आलो, मी खातो" असं बोलायला लागेल, इथल्या पोरी, बायका सगळ्या तसंच बोलतात, माझी पण बोलते, तिला सुधारायला जाऊ नकोस, ती इथली झाली असं समज.

शाळेचं फार टेन्शन घेऊ नकोस. जूनच्या आत यायलाच पाहिजे ही घाई तू शाळेमुळे करतेयस, पण पहिलीतल्या पोरीला दिवाळीच्या सुट्टीनंतर नवीन शाळेत घातलं तर काही बिघडत नाही, दाखला घ्यायचा आणि इथल्या शाळेत जागा शिल्लक आहे का एवढं आधी विचारायचं. मराठी माध्यमाच्या चांगल्या शाळा इथं आहेत, जमलं तर त्याचा पण विचार कर, घराजवळची असेल तर सासूबाई सोडायला-आणायला जातील.

तेव्हा जून नको. एप्रिल-मेमधे मिस्टर एकटे येऊन कारखाने फिरतील, जुलैत तुम्ही चौघं आठवडाभर येऊन पाऊस बघाल, भाड्याची घरं तेव्हाच बघायची, चिखलातून चालत बघायची, आणि ऑफर हातात असेल तर दिवाळीच्या सुट्टीत सामान हलवायचं. त्यांना लवकर जॉईन व्हायला लागलं तर त्यांनी आधी यावं, एखाद्या मेसवर दोन महिने काढावेत, तोपर्यंत कांदिवली चालू ठेव, ते दोन महिन्यांचं डबल भाडं जड वाटेल पण आमच्या आठ महिन्यांपेक्षा ते फार स्वस्त आहे.

आणि आज रात्री एक कर. मिस्टरांना माझं हे उत्तर वाचायला दे, कारण तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात त्यांचं स्वतःचं एकही वाक्य नाहीय. त्यांना इथं यायचंय का, हे तू लिहिलंच नाहीस. सासूबाईंना पण विचार, पण "येणार ना?" असं नको विचारूस, "इथलं काय सुटेल तर तुम्हाला वाईट वाटेल?" असं विचार आणि मग मधे न बोलता ऐक. दोघं काय म्हणाले ते मला लिही, जुलैत येशील तेव्हा घरं बघायला मी तुझ्याबरोबर येते.